उजळणी वर्गांतून नेमके काय उजळते?

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा विषय शाळाशिक्षकांच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील आश्रमशाळेत सहावीला विज्ञान शिकवणारे अनेक शिक्षक नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील महाविद्यालयांतून शिकून आलेले असतात. प्राध्यापकाने तेथे प्रयोग करून दाखवला नसेल, तर शिक्षकही पुढे फळ्यावर आकृतीच काढतो. म्हणून प्राध्यापक स्वतः कसे आणि काय शिकतात, याच्याशी आपणा सर्वांचा संबंध आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने निरनिराळ्या विद्यापीठांत 'अकॅडमिक स्टाफ कॉलेज' सुरू केली. नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी प्राध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा विषयवार उजळणी वर्ग, अशी ही योजना होती. २०१५ मध्ये या केंद्रांना 'मानव संसाधन विकास केंद्र' हे नाव मिळाले. २०१८ मध्ये 'अर्पित' नावाने ऑनलाइन उजळणी आली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन सुरू झाले आणि केंद्रांची पाटी पुन्हा बदलली. त्यात भारतीय ज्ञानपरंपरेपासून माहिती तंत्रज्ञानापर्यंत आठ विषय ठरवून दिले आहेत.

या योजनेने काहीच साधले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लहान गावातील प्राध्यापकाला आपल्या विषयातली इतर माणसे भेटली, मोठ्या विद्यापीठाचे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा पाहायला मिळाली. बरेच जण वर्गातील व्याख्याने विसरतात, पण वसतिगृहात रात्री झालेल्या चर्चा त्यांच्या लक्षात राहतात. ऑनलाइन वर्गांनी प्रवास वाचवला, पण या चर्चाही गेल्या. तरीही मूळ प्रश्न वेगळाच आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो ठळकपणे दिसतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. येथील महाविद्यालये जळगावच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. महाराष्ट्रातील जुनी प्रशिक्षण केंद्रे मात्र मुंबई, पुणे, नागपूर, अमरावती, औरंगाबाद अशा शहरांत होती. नंदुरबारच्या प्राध्यापकाने उजळणीला जायचे म्हणजे घर आणि वर्ग सोडून तीन आठवडे परगावी राहायचे. आणि तेथे जे शिकायचे, ते आधीच कोणीतरी ठरवलेले.

जीवशास्त्राच्या उजळणी वर्गात आनुवंशिकतेवर व्याख्यान असतेच. जनुकसंपादनाच्या नव्या पद्धती सांगितल्या जातात. प्राध्यापक वही भरून परत येतो. इकडे त्याच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांत सिकलसेलचे वाहक असतात, आणि कोणाच्या घरी रुग्णही असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हा आजार होतो, एवढे पाठ्यपुस्तक सांगते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक, हेही सांगते. पण 'चारांत एक' याचा अर्थ अनेकजण असा घेतात, की पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित. वास्तविक प्रत्येक अपत्याच्या वेळी ही शक्यता नव्याने तेवढीच असते. हा गैरसमज दोन नाणी घेऊन, ती शंभर वेळा उडवून आणि निकाल नोंदवून वर्गातच दूर करता येतो. या जिल्ह्यात हा गैरसमज राहून गेला, तर त्याची किंमत एखाद्या कुटुंबाला मोजावी लागते. ही संभाव्यता कशी शिकवावी, वाहक असलेल्या विद्यार्थ्याला अवघडल्यासारखे होऊ न देता वर्गात याविषयी कसे बोलावे, हे आमच्या पाहण्यातल्या वेळापत्रकांत कोठेही नव्हते.

दुसरे उदाहरण भूगोल-भूशास्त्राचे घेऊ. नंदुरबार-धुळे परिसरात बेसाल्टच्या थरांना उभे चिरत गेलेल्या खडकांच्या लांबलचक भिंती आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत शिरलेला शिलारस तेथेच थिजून त्या झाल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना 'डाइक' म्हणतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब अशा २१० भिंतींची नोंद आहे, आणि त्यांतली सर्वांत लांब ७९ किलोमीटरची आहे. जगभरचे अभ्यासक ज्याची दखल घेतात ते असे शेताच्या कडेला उभे आहे. त्यावर नंदुरबारातच दहा दिवसांचा वर्ग घ्यावा, इतर जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांनी येथे यावे, यात अशक्य काय आहे? पण ज्ञान शहरातून खेड्याकडे वाहते, ही समजूत आमच्या योजनांत इतकी मुरली आहे की उलटा प्रवास कोणाला सुचत नाही.

आमचा दुसरा आक्षेप प्रमाणपत्राविषयी आहे. पदोन्नतीच्या २०१८ च्या नियमांत सुरुवातीच्या टप्प्यासाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आहे, आणि पुढच्या टप्प्यांवर दोन आठवड्यांचे वर्ग आहेत. शाळेतील वाचकांना बारा वर्षांची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांची निवड श्रेणी ठाऊक आहेच, त्यामुळे अधिक सांगायला नको. प्रशिक्षण वेतनाशी जोडले की माणसे येतात, हा त्याचा फायदा. पण बहुतेक जण श्रेणीची तारीख जवळ आली म्हणजेच येतात, आणि मिळेल त्या विषयाच्या वर्गाला बसतात. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना तर पदोन्नतीच नाही. शिवाय जितके दिवस वर्गाला जावे तितक्या दिवसांच्या तासिका बुडतात आणि मानधनही बुडते. महाविद्यालयाचे अनेक वर्ग त्यांच्याच खांद्यावर असताना, ज्याला शिकण्याची सर्वांत अधिक गरज आहे तोच बाहेर राहतो.

तिसरा आक्षेप मोजमापाचा. शेवटच्या दिवशी एक चाचणी होते आणि अभिप्रायाचा कागद भरून घेतला जातो. व्याख्याने कशी वाटली, भोजन कसे होते, वगैरे. खताचा परिणाम पाहायचा तर आपण पिकाकडे पाहतो, पोते आवडले का असे शेतकऱ्याला विचारत नाही. वर्ग करून आलेल्या प्राध्यापकाच्या शिकवण्यात सहा महिन्यांनी काय बदलले, त्याचे विद्यार्थी आता कोणता प्रश्न सोडवू शकतात जो पूर्वी येत नव्हता, हे पाहायला हवे. हे न पाहता नावे आणि कालावधी बदलत राहणे म्हणजे निरीक्षण न नोंदवताच प्रयोग पुन्हा पुन्हा करणे होय.

मग याहून निराळे काही झालेच नाही का? झाले आहे, आणि नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्याच काठी, वरच्या अंगाला झाले आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून 'एकलव्य' या संस्थेने तो सांभाळला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ तेथे खेड्यांतील शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करीत. दिल्लीच्या प्राध्यापकांना त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पाठ्यवृत्तीही दिल्या होत्या. उन्हाळी प्रशिक्षणानंतर शिक्षकांच्या मासिक बैठका होत, शाळांना भेटी दिल्या जात, अडलेले प्रश्न पुन्हा चर्चेला येत. शिक्षक विचारीत ते प्रश्न साधे वाटत, पण त्यांची उत्तरे देताना प्राध्यापकांचाच कस लागे. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला तेव्हा तो सुमारे हजार शाळांत चालू होता. प्राध्यापकाचा विकास याहून चांगला कसा होतो, हे आम्हाला माहीत नाही.

नंदुरबारपुरते आम्ही तीन गोष्टी सुचवू. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून काही दिवस परिसरातील शाळाशिक्षकांबरोबर प्रयोग करावेत, आणि प्राध्यापकांचे ते दिवस उजळणी वर्गात धरले जावेत. सिकलसेल, पाणी, खडक, मिरचीचे वाळवण, सातपुड्यातील पिकांचे वाण असे येथले विषय घेऊन जिल्ह्यातच वर्ग भरावेत. आणि तासिकेवरील प्राध्यापकांना त्या दिवसांचे मानधन मिळावे. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीला नियम आणि पैसा लागेल. दुसरीला मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको.

त्यासाठी वाचकांकडे एक मागणे आहे. वर्षभर शिकवताना जे प्रश्न अडले, मुलांनी विचारलेल्या ज्या शंकांचे समाधान करता आले नाही, त्यांची यादी करा आणि जवळच्या महाविद्यालयातील विज्ञान विभागाकडे घेऊन जा. उत्तर तेथेही लगेच मिळेलच असे नाही. न मिळाल्यास ते दोघांनी मिळून शोधावे. तेवढा एक दिवस तरी खऱ्या अर्थाने उजळणीचा होईल.