गुपित, पण कोणापासून? : 'द गर्ल फ्रॉम फॉरेन' वाचताना

संशोधन आराखड्यात 'दडलेला इतिहास' असे शब्द लिहिण्याआधी सादिया शेपर्ड यांचं 'द गर्ल फ्रॉम फॉरेन' (2008) वाचा. आणि जरा भांडत वाचा.

गोष्ट खरी आहे. अमेरिकेत वाढलेल्या सादियाला तेराव्या वर्षी कळतं, की आपली मुसलमान आजी राहत सिद्दिकी ही जन्मानं ज्यू, बेने इस्राएल समाजातली. मूळ नाव रेचल जेकब्स. मुंबईत मुसलमान माणसाशी लग्न, फाळणीनंतर कराची, मग अमेरिका. आजीला दिलेल्या शब्दाखातर 2001 मध्ये नात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येते. फाळणी आणि स्थलांतर एका बाईच्या दोन नावांत दिसतं, हे पुस्तकाचं मोठं बळ.

आता भांडण. हे गुपित कोणापासून होतं? नातीपासून. कोकणात ते गुपित नव्हतंच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून तिथे या लोकांना 'शनिवार तेली' म्हणत. किहिमकर, पेणकर, दिवेकर ही आडनावं गावांवरूनच आलेली. मुंबईत त्यांचं सिनेगॉग 1796 पासून आहे. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी समाजाचा इतिहास 1897 मध्येच लिहून ठेवला होता. छापला गेला 1937 मध्ये. म्हणजे शोध लागला तो एका कुटुंबाला. पुस्तकाची मांडणीच शोधकथेची असल्यामुळे बेसावध वाचकाला वाटतं, की समाजाचाच शोध लागला. प्रबंधात ही गल्लत चालत नाही.

दुसरा मुद्दा जहाजफुटीचा. नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही समाजाची मूळकथा. किहिमकर हा काळ इ.स.पू. 175 च्या सुमाराचा मानतात. 2016 च्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशी दोन्ही वंशमुळं दिसली. पण त्यातून जहाज सिद्ध होत नाही, आणि कथा खोटीही ठरत नाही. दोन्ही पुराव्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. आठवणींच्या पुस्तकात कथा वारसा म्हणून सांगता येते. तुम्हाला मात्र 'समाज असं सांगतो' एवढंच लिहिता येईल.

हे सगळं शेवगावपासून लांबचं वाटतंय? जात पडताळणीसाठी तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या रजिस्टरचे उतारे, कोतवाल बुकाच्या नकला गोळा केल्या असतील. वडील, आजोबा, पणजोबा अशी वंशावळ जुळवली असेल. तीत आजीचं माहेरचं नाव कुठे आहे? तिच्या माहेरच्या गावात ते कोणीही सांगेल. आपल्या फायलीत मात्र ते नाही.

म्हणून 'दडलेला' लिहिलंत, की पुढे लगेच लिहा: कोणापासून, कोणत्या कागदात, आणि कोणाला तो आधीपासून ठाऊक होता. आराखड्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. सुरुवात घरापासून करा. आजी असेल, तर तिला आजच तिचं लग्नाआधीचं नाव विचारा.