‘चालत नाही’ हे निदान नव्हे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. तिची जागा घेणाऱ्या विंडोज ११ साठी साधारणपणे २०१७-१८ पासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. आपल्या अनेक शाळांतील संगणक याहून जुने आहेत. ते बिघडलेले नाहीत. त्यांच्यावर लिहिता येते, गणित करता येते, आलेख काढता येतात. तरीही ते भंगारात जाण्याच्या वाटेवर आहेत. अशा वेळी लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी, हा सल्ला योग्यच आहे. पण तो अमलात आणणाऱ्या शिक्षकाचा अनुभव बहुधा असा असतो : प्रणाली बसते, पडदा उजळतो, पण वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर गप्प बसतो. मग निकाल लागतो, ‘लिनक्स आमच्या संगणकावर चालत नाही.’

या निकालाला जितके घाईचे वापरकर्ते जबाबदार आहेत, त्याहून अधिक जबाबदार आहे ती मुक्त प्रणालीबरोबर येणारी मार्गदर्शनाची पद्धत. या लेखात तिचीच तपासणी करायची आहे.

न जुळणे म्हणजे काय?

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. संगणकातील प्रत्येक उपकरणाशी बोलण्याची एक ठरलेली रीत असते. कोणत्या पत्त्यावर कोणता अंक लिहिला म्हणजे उपकरण काय करील, हे ठाऊक असलेली आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. ती संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालते. याखेरीज अनेक उपकरणांच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्यासाठीची आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर नाही, अशी स्थिती अगदी नेहमीची आहे.

दौलताबादचा किल्ला ज्यांनी मुलांना दाखवला आहे, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. कडा तासून उभा केलेला, भोवती खंदक, आणि वर जाणारी वाट ‘अंधारी’तून. वाट नाही असे नाही. पण ती ठाऊक असणारा वाटाड्या हवा. ड्रायव्हर हा असा वाटाड्या आहे. उत्पादकाने वाटेचा नकाशा प्रसिद्ध केला, तर कोणीही वाटाड्या तयार करू शकतो. नकाशा दडवला, तर भिंती चाचपत वाट शोधावी लागते. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपांसाठी स्वयंसेवकांनी हेच केले. बंदिस्त ड्रायव्हरचे वर्तन अभ्यासून त्यांनी लिहिलेला ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. कंपनीने काही नव्या चिपांसाठी स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला तो २०१० साली. म्हणजे ‘जुळत नाही’ हा ना यंत्राचा स्वभाव, ना प्रणालीचा. बहुतेक वेळा ती माहिती न मिळाल्याची खूण असते.

कृती सांगणारी, कारण न सांगणारी पुस्तके

आता मार्गदर्शनाकडे वळू. लिनक्सची बहुतेक स्थापना-मार्गदर्शिका पाककृतीसारखी असते. पायरी एक ते पायरी बारा. प्रत्येक पायरीवर सर्व काही सुरळीत झालेले चित्र. काही अडले तर शेवटी पाच-सहा ओळी दिलेल्या असतात : ‘या आज्ञा टाइप करा व संगणक पुन्हा सुरू करा.’ त्या आज्ञा कोणत्या चिपसाठी आहेत, हे बऱ्याचदा लिहिलेले नसते. यावर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा की, एकाच वेळी पाच बदल केल्यावर यंत्र चालू झाले, तरी कशामुळे झाले हे कळत नाही. चालू झाले नाही, तर मूळचा दोष आणि आपण घातलेला नवा दोष यांची सरमिसळ होते. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलावा, असे आपण मुलांना सांगतो आणि संगणकासमोर बसल्यावर तेच विसरतो.

दुसरा आक्षेप असा की, या मार्गदर्शिका उपकरण खोक्यावरील नावाने ओळखतात. प्रणाली मात्र ते आतील चिपच्या क्रमांकाने ओळखते. टीपी-लिंक कंपनीच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी वाय-फाय अडॅप्टरचे उदाहरण घ्या. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि लिनक्सवर ती उत्तम चालत असे. नंतरच्या आवृत्त्यांत रियलटेकची चिप आली. नाव तेच, रूप तसेच, पण ड्रायव्हर निराळा लागतो. ‘माझ्याकडे चालते’ आणि ‘माझ्याकडे चालत नाही’ असे सांगणारे दोघेही खरे बोलत असतात.

चार प्रश्न

पाककृतीच्या जागी काय हवे? माझ्या मते चार प्रश्न, याच क्रमाने.

१. प्रणालीला उपकरण दिसते का? ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’ या आज्ञा जोडलेल्या उपकरणांची यादी देतात. प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक असतात : एक उत्पादकाचा, एक उपकरणाचा. पीसीआय उपकरणांत इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. त्या कंपनीच्या १९७८ च्या प्रसिद्ध प्रोसेसरचेही हेच नाव. यादीत उपकरणच नसेल, तर ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही. आधी जोडणी, केबल, बायोसमधील सेटिंग पाहावे.

२. त्याला ड्रायव्हर लाभला आहे का? पहिल्याच आज्ञेला ‘के’ हा पर्याय जोडला की वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव दिसते. नाव नसेल, तर वरील दोन क्रमांकांवरून शोध घ्यावा, खोक्यावरील नावावरून नव्हे.

३. फर्मवेअर मिळाले का? ‘डीमेसेज’ ही आज्ञा गाभ्याची रोजनिशी दाखवते. कोणती फाइल मिळाली नाही, हे तिच्यात बहुधा नावानिशी लिहिलेले असते. एचपी लेसरजेट १०२० हा प्रिंटर याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या पोटात फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. प्रिंटर सुरू केला की दर वेळी संगणकाला ते पाठवावे लागते. ही एक गोष्ट ठाऊक नसेल, तर धडधाकट प्रिंटर मोडीत निघतो.

४. कोणी अडवले आहे का? वाय-फाय बंद ठेवणारी कळ, बायोसमधील बंदी, किंवा स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारणारी ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था. ‘आरएफकिल’ ही आज्ञा वाय-फायवरील अडथळा सॉफ्टवेअरचा आहे की प्रत्यक्ष कळीचा, हे सांगते.

दौलताबादच्या एका शाळेत दहावीच्या मुलांसमवेत हे प्रश्न एका जुन्या लॅपटॉपला लावून पाहिले. वाय-फाय चालत नाही म्हणून तो बाजूला ठेवलेला होता. उपकरण यादीत होते, ड्रायव्हर होता, फर्मवेअरबद्दल तक्रार नव्हती. चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले : अडथळा हार्डवेअरचा. एका मुलीने लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवले, तर तेथे एक सरकती कळ होती. ती सरकवली आणि वाय-फाय सुरू झाले. पाककृतीच्या मार्गाने गेलो असतो, तर दुपारभर ड्रायव्हर उतरवत बसलो असतो.

तत्त्व आणि वापर

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात हार्डवेअरची अडचण मुळापासून आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेतील झेरॉक्स लेसर प्रिंटरची आज्ञावली सुधारण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांना मिळाली नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभव होता. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपल्या प्रणालीची पहिली वार्ता दिली, तेव्हा ती एटी पद्धतीच्या हार्डडिस्कखेरीज काही चालवील असे त्यांना वाटत नव्हते.

महाराष्ट्राचाही यात एक धडा आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतच्या परिसरातील एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप आले. लिनक्स डोळ्यांसमोर ठेवूनच हे यंत्र घडवलेले होते. त्यामुळे न जुळण्याचा प्रश्न मुलांपर्यंत आला नाही. पण त्याच यंत्रातील मार्व्हेल कंपनीच्या वाय-फाय चिपचे फर्मवेअर बंदिस्तच होते. मुक्त यंत्राचा इतका आग्रह धरणाऱ्यांनाही शेवटचे दार उघडता आले नाही.

डेबियन या प्रणालीने अनेक वर्षे असे बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-संचाबाहेर ठेवले. तत्त्व समजण्याजोगे होते. परिणाम असा, की ज्या संगणकाला इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे, त्याला ते इंटरनेटवरून आणा असे सांगितले जाई. ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि १० जून २०२३ च्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर संचातच येऊ लागले. मला हा निर्णय योग्य वाटतो. नवशिक्या शिक्षकाला दारातच अडवून मुक्ततेचे शिक्षण होत नाही. मात्र यंत्राचा कोणता भाग अजून बंदिस्त आहे, हे त्याला ठळकपणे कळले पाहिजे. अडचण लपवली, तर उत्पादकावरचा दबावही संपतो.

शाळेने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रणाली पेन-ड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून पाहावी. हार्डडिस्कला हात न लावता वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर तपासता येतात. दुसरी, प्रत्येक संगणकाची एका पानाची नोंद ठेवावी : चिपचे क्रमांक, लाभलेला ड्रायव्हर, केलेला बदल, तारीख. तिसरी, नवी खरेदी करताना ‘लिनक्सवर चालवून दाखवावे’ ही अट लेखी घालावी. केरळने शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, तेव्हा शाळांसाठी स्वतःचा संच तयार केला आणि शिक्षकांमधूनच प्रशिक्षक उभे केले. एकेकट्या शिक्षकाने लढावे, अशी अपेक्षा तेथे नव्हती.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही उपकरणे खरोखरच चालणार नाहीत. तेथे लिनक्सवर चालणाऱ्या चिपचा छोटा अडॅप्टर घेणे नव्या संगणकापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. जुन्या मराठी फाँटमधील प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम वेगळेच आहे. त्याचा दोष हार्डवेअरला देऊ नये.

आठवी-नववीच्या मुलांना हा पाठ भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाइतका उपयोगी आहे. निरीक्षण, तर्क, एका वेळी एक बदल, आणि नोंद. ‘चालत नाही’ असे विद्यार्थी म्हणाला, तर शिक्षकाने एवढेच विचारावे : कोणत्या प्रश्नापर्यंत आलास?