'सवयीचा' हा शब्द

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मी साहित्यकृतीसारखा वाचतो. त्यातही पात्रे आहेत आणि त्यांचा स्वभाव कर्त्याने आधीच ठरवून टाकला आहे. माणूस जन्मला की गुन्हेगार. गुन्हा मागाहून शोधायचा! सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण याच कल्पनेवर उभे राहिले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. १९५९ साली मुंबई राज्याने सवयीच्या गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीच्या जागी 'सवय' आली. पोलिसाची नजर कुठे बदलली?

लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) मी प्रथम वाचले तेव्हा, कबूल करतो, पाकीटमारीच्या तपशिलातच रमलो. घरात घुसणारा पोलीसही त्यात तितकाच सराईत आहे, हे उशिरा ध्यानात आले. त्याच्या सवयीसाठी मात्र कायदा नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणारे उल्लेख रद्दबातल ठरवले. म्हणजे तोवर ते छापील होते! सरकारचा 'गुन्हे प्रतिबंध' गावाबाहेरच्या पालापासून सुरू होतो. त्याच पालातल्या पोराची शाळा, त्याच्या बापाचा जातीचा दाखला, रेशनकार्ड हे सगळे समाजकल्याणाच्या दुसऱ्या फायलीत पडून असते.