कोपऱ्यांतली अक्षरे

टपालाची तिकिटे जमवणे हा पोरखेळ आहे, असे मी वर्गात अनेकदा बोललो आहे. गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो, तेव्हा त्यांनी एक जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली आणि माझे ते मत चकलीबरोबरच मोडले. वही जर्सी आणि गर्न्सी या बेटांची. इंग्लंड आणि फ्रान्स यांमधल्या खाडीतली ही बेटे १९४० च्या जूनअखेरीपासून मे १९४५ पर्यंत जर्मनांच्या ताब्यात होती.

इंग्लंडहून तिकिटे येणे बंद झाले. गर्न्सीत एक पेनीची तिकिटे सरत आली, तेव्हा १९४० च्या डिसेंबरात दोन पेनीचे तिकीट तिरके कापून अर्धे चिकटवायला मुभा मिळाली. अशा पाकिटांना मोठा मान आहे म्हणे. पण वहीतल्या बहुतेकांत पत्र कधी गेलेच नसावे! पत्ता सुबक, शिक्का अचूक, पाकीट कोरे करकरीत. कादंबरीतले एखादे पात्र लेखकाच्या सोयीसाठी बोलू लागते ना, तशातली ही गत.

पुढे १९४१ त बेटांनी आपली तिकिटे छापली. जर्सीचे एक पेनीचे तांबडे तिकीट मेजर रायबॉट यांनी रेखाटले. त्याच्या चार कोपऱ्यांत चार बारीक 'ए' आहेत. 'दुष्ट अडॉल्फा, नरकात जा' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे. संग्राहक यावर फिदा आहेत. माझ्यातला मास्तर मात्र कुरकुरला. ज्याचा अर्थ एकट्या कर्त्यालाच ठाऊक, त्याने धीर तरी कोणाला यावा?

मग एडमंड ब्लॅम्पीड यांची १९४३ ची चित्रतिकिटे पाहिली. जुने शेतघर, दीपगृह, किल्ले. आणि तीन पेनीच्या तिकिटावर समुद्रशेवाळ गोळा करणारी माणसे. बेटावरचे शेतकरी ते खत म्हणून शेतात घालतात. चित्रातली माणसे आपल्या कामात आहेत, कोणाकडे पाहत नाहीत. कोणाच्याही राज्यात ती असेच वाकून काम करतील. आणि 'तीन' या आकड्याच्या दोन्ही बाजूंच्या वेलबुट्टीत इंग्रज राजाच्या नावाची अक्षरे दडलेली! तिकिटे छापली गेली पॅरिसला, तेही तेव्हा जर्मनांच्याच हाती. ब्लॅम्पीड यांची पत्नी जन्माने ज्यू होती, हे कळल्यावर मी ते तिकीट पुन्हा भिंगाखाली धरले. घरात एवढे भय असलेल्या माणसाने ती वेलबुट्टी काढताना कोणाला धीर द्यायचा होता, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता. रायबॉटसाहेबांविषयीची कुरकुरही मी मागे घेतली.

वहीच्या शेवटी रेडक्रॉसचा एक मळकट छापील कागद होता, चार घड्यांचा. त्यावर तिकीट नाही, नक्षी नाही. आप्तांना जास्तीत जास्त पंचवीस शब्द कळवायचे, तेही घरगुती. "हा गठ्ठ्याबरोबर फुकट आला," स्नेही म्हणाले.

मी शब्द मोजले. तेवीस होते. पुन्हा मोजले. दोन शब्द लिहिणाऱ्याने वापरलेच नव्हते.