एकमेव वस्तूचे व्याकरण

ज्या संगणकीय खेळांत चित्रे नसतात आणि केवळ मजकूर वाचून व लिहून अनेक खेळाडू एकाच काल्पनिक जगात वावरतात, त्यांस ‘मड’ हे नाव रूढ आहे. अशा खेळांत दुर्मिळ व प्रभावी वस्तू किती असाव्यात, हा प्रश्न सामान्यतः समतोलाचा मानला जातो. तो भाषेचाही प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी रचावयास घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढविला. त्यात मौल्यवान वस्तू दलदलीत टाकल्या म्हणजे गुण मिळत, आणि काही काळाने सारे जग पूर्ववत् होई. वस्तूचे फळ तिच्या त्यागाने पदरी पडत असल्यामुळे साठा करण्यास अर्थच नव्हता. कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९०-९१ च्या सुमारास रचलेल्या डिकुमडमध्ये मात्र स्थिती पालटली. तेथे खेळाडू सराईत दैनिक भाडे भरून आपल्या वस्तू राखून ठेवू शकतो. म्हणूनच त्या जगाच्या प्रत्येक क्षेत्राच्या आराखड्यात वस्तूपुढे एक आकडा लिहावा लागतो. तितक्या प्रती आधीच अस्तित्वात असतील, तर नवी प्रत निर्माण होत नाही.

पर्स या तत्त्ववेत्त्याने केलेला नमुना व प्रत हा भेद येथे उपयोगी पडतो. वस्तूची नोंद हा नमुना. खेळाडूच्या हाती येते ती प्रत. या नोंदीत वजन, किंमत व भाडे यांच्या आधी वस्तूचे वर्णन असते आणि त्यातील इंग्रजी उपपद रचनाकार स्वतः लिहितो. त्याने निश्चित उपपद योजले आणि आकडा मात्र दोन ठेवला, तर ‘ती’ तलवार एकाच वेळी दोघांच्या कमरेला दिसते. मराठीत उपपदे नाहीत. आपण म्हणू की विशेषनामाचे सामान्यनाम झाले. एके ठिकाणी समान नावाच्या दोन वस्तू असल्यास दुसरी उचलण्यासाठी नावापूर्वी ‘२.’ असे लिहावे लागते, ही गोष्टही तेच सुचविते. तात्पर्य, ‘एक’ ही मर्यादा घालणे हा कृपणपणा नव्हे. वर्णनाने दिलेला शब्द पाळणे होय.

तथापि या आकड्याने नावाचा अर्थ राखला, तरी खेळाडूंचा हक्क राखला जातोच असे नाही. चालू जगात उपस्थित असलेल्या प्रतीच मोजल्या, तर अनुपस्थित खेळाडूंच्या गाठोड्यातील प्रती गणतीबाहेर राहतात. नव्या प्रती जन्मतात आणि ‘एकमेव’ हे विशेषण असत्य ठरते. उलट त्याही मोजल्या, तर एकुलती एक प्रत दीर्घकाळ न फिरकलेल्या माणसापाशी अडकते. नवागतास तिची केवळ वदंता ऐकू येते. कोशात आहे परंतु कोणाच्याही जिभेवर नाही, अशा शब्दासारखी तिची गत होते.

भाड्याची पद्धत यावर उतारा म्हणून बरी दिसते, कारण द्रव्य संपले की वस्तू जाते. परंतु भाडे दिवसांवर आकारले जाते. रोज येणाऱ्यास एका बैठकीत एका दिवसाचे भाडे मिळवावयाचे असते. आठवड्यातून एकदा येणाऱ्यास तेवढ्याच बैठकीत सात दिवसांचे. सामर्थ्याला आळा घालण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने ते सामर्थ्य सवड असलेल्यांच्या स्वाधीन करतो. हा दोष गंभीर आहे, कारण या जगात सर्वांनी समान पायरीवरून आरंभ करावा अशी अपेक्षा असते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जेथे प्रश्न केवळ सामर्थ्याचा आहे, तेथे प्रतींची गणती करण्याऐवजी उपयोगावर मर्यादा घालावी. जादूच्या कांडीतील प्रयोग मोजके ठेवण्याची तजवीज डिकुमडमध्ये आहेच. जेथे वर्णन एकमेवत्व सांगते, तेथे प्रत एकच असावी, परंतु ठराविक मुदतीनंतर ती मूळ स्थानी परतावी. ‘विद्यापीठाचे कुलगुरू’ या शब्दांनी एका वेळी एकाच व्यक्तीचा निर्देश होतो; तरीही ते पद कोणाच्या मालकीचे नसते, मुदत संपताच ते पुढील व्यक्तीकडे जाते. एकमेव वस्तूंनाही हाच न्याय लावल्यास नावाची प्रतिष्ठा आणि नवागताची आशा या दोहोंचे रक्षण होईल.