उच्च प्राथमिक स्तरावरील चित्रकला व नाट्य यांचे अध्यापन : भिंगार परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
इयत्ता सहावी ते आठवी या वयात मूल बालपणीचे निःसंकोच रेखाटन सोडू लागते. आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ दिसत नाही म्हणून ते खट्टू होते, चारचौघांत अभिनय करण्यासही लाजते. त्यामुळे कलाशिक्षणाची खरी कसोटी याच तीन वर्षांत लागते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे असे सुचविले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शंभरहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळांसाठी कलेच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेची सांगड अन्य विषयांशी घातली. धोरणात कला आहे. परंतु ती वर्गात कोणत्या रूपाने पोहोचते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

चित्रकला व श्रेणी :
महाराष्ट्रात शालेय चित्रकलेची दिशा प्रामुख्याने कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांनी ठरविली आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या विषयांनी ग्रामीण विद्यार्थ्याच्याही हाताला शिस्त लावली, हे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळू लागल्यापासून या परीक्षेकडे गुणांच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. स्मरणचित्र हा वस्तुतः निरीक्षणाचा विषय होय. पण बाजार, पतंग, पाणवठा यांच्या ठरावीक आकृत्या घोटून घेतल्या की तो पाठांतराचा विषय बनतो. विद्यार्थी रेखाटतो, पण पाहत नाही.

नाट्य व संमेलन :
नाट्याची स्थिती याहून वेगळी नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये ‘लिट्ल थिएटर’ स्थापन केले. रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्याला स्वतंत्र प्रतिष्ठा दिली. सुलभा देशपांडे यांचे बालरंगभूमीवरील कार्य तर छबिलदास शाळेतील अध्यापनातूनच उगवले. १९८६ मध्ये मोहन आगाशे यांनी जर्मनीतील ‘ग्रिप्स’ची नाट्यधारा पुण्यात रुजविली आणि मुलांचे रोजचे प्रश्न रंगमंचावर आले. एवढी समृद्ध परंपरा असूनही शाळेत नाट्य बहुधा वार्षिक स्नेहसंमेलनापुरते उरते. मोजक्या धीट मुलांना भूमिका मिळतात, बाकीचे प्रेक्षक होतात. चित्राचे अंतिम फळ श्रेणी आणि नाट्याचे अंतिम फळ टाळी, असे समीकरण झाले की दोन्ही विषयांतील शिकण्याची प्रक्रियाच गळून पडते.

भिंगारचे उदाहरण :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरालगतच्या भिंगारला या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने भिंगारनजीक बहामनी सैन्याचा पराभव केला आणि त्यातून निजामशाहीची राजधानी उभी राहिली. जवळच १५८३ मध्ये पूर्ण झालेला अष्टकोनी फराहबाग महाल, म्हणजे लोकांची ‘फऱ्याबाग’, आहे. कंपासपेटी घेऊन वहीत अष्टकोन काढणाऱ्या विद्यार्थ्याला तो अष्टकोन दगडचुन्यात उभा असलेला दाखविला जात नसेल, तर भूमितीचे अध्यापन अपुरे राहिले असेच म्हणावे लागेल.

याहून बोलके उदाहरण ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या निजामशाही हस्तलिखिताचे आहे. आफताबी या कवीचे हे फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असून त्यातील चित्रे दख्खनी शैलीच्या आरंभकालीन चित्रांत गणली जातात. हुसेन निजामशहासोबत त्याची राणी खुंझा हुमायून हिचे चित्रण त्यात आहे. परंतु बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुढे पुसली गेली आहे. १५६५ मध्ये हुसेनच्या निधनानंतर तिने अल्पवयीन मुर्तझाच्या नावे कारभार पाहिला व पुढे मुर्तझानेच तिला कैदेत टाकले. आकृती कोणी व का पुसली, हा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारण्याजोगा आहे.

येथे चित्र व नाट्य परस्परांना पूरक ठरतात. विद्यार्थ्यांनी प्रथम चित्रातील प्रत्येक गोष्टीची नोंद करावी. नंतर रिकाम्या जागी राणी कशी बसली असेल, हे स्वतः बसून पाहावे आणि मग रेखाटावे. चित्रकार, राणी व पुसणारा हात यांचे संवाद मुलांनीच रचावेत. अभिनय करताना शंका आली की मूल पुन्हा चित्राकडे वळते. हेच पुन्हा पाहणे कलाशिक्षणाचे मर्म होय. ‘पुरावा कोणता आणि आपली कल्पना कोणती’ हा भेद शिक्षकाने सतत जागता ठेवावा. उत्तर मात्र आपण देऊ नये.

यावर वेळ, रंगमंच व प्रशिक्षित शिक्षक यांच्या अभावाचा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः रास्त आहे. शंभरपर्यंत पट असलेल्या शाळांना तर कायद्यानेही निदेशक दिलेला नाही. तथापि वरील पाठास रंगमंच लागत नाही. चित्राची एक मोठी प्रत, सलग दोन तासिका आणि इतिहासाच्या शिक्षकाचे सहकार्य एवढे पुरेसे आहे.

निष्कर्ष :
१) श्रेणी परीक्षा टिकावी, मात्र वर्गातील चित्रकलेचे मूल्यमापन तिच्यावर अवलंबून नसावे.
२) नाट्य हे संमेलनाचे अंग न राहता सर्व विद्यार्थ्यांच्या सहभागाचे वर्गकार्य व्हावे.
३) अध्यापक महाविद्यालयांनी चित्र व नाट्य यांचे एकत्रित पाठ स्थानिक वारशाच्या आधारे तयार करावेत.

ज्या मुलाला बाराव्या-तेराव्या वर्षी पाहायला व प्रश्न विचारायला शिकविले गेले नाही, तेच पुढे आपल्या महाविद्यालयांत मुकाट्याने टिपणे उतरवून घेणारा विद्यार्थी म्हणून येते. म्हणून हा प्रश्न केवळ शाळेचा नाही, आपलाही आहे.