देवाचे मूल आणि मुलाचा देव : 'पर्सी जॅक्सन' आणि 'कालिया मर्दन' यांचे तौलनिक वाचन

बीजशब्द : पौराणिक चित्रपट, ग्रीक पुराणकथा, बाललीला, अद्भुत रस, दादासाहेब फाळके

प्रस्तावना

पुराणकथेवर आधारलेला, लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा अद्भुतरम्य साहसपट ही हॉलिवूडची मिरासदारी आहे, असा समज आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात रूढ आहे. आपल्याकडचा पौराणिक चित्रपट भाविकांसाठी असतो, त्यापुढे हात जोडावेत, त्याची चिकित्सा करण्याचे कारण नाही, ही या समजाची दुसरी बाजू होय. नागपुरातील पदवी वर्गात चित्रपट-आस्वादाचा तास घेताना या दोन्ही बाजूंचा प्रत्यय येतो. झ्यूस, पोसायडन, मेडुसा ही नावे विद्यार्थी सहज घेतात. कालियाच्या पत्न्यांनी कृष्णाची करुणा भाकली होती, हे मात्र वर्गातील दोघातिघांनाच ठाऊक असते. हा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही. फाळक्यांचे नाव आपण 'भारतीय चित्रपटाचे जनक' या एका ओळीत उरकतो आणि पुढे जातो.

प्रस्तुत लेखात दोन चित्रपट समोरासमोर ठेवले आहेत. पहिला ख्रिस कोलंबस दिग्दर्शित 'पर्सी जॅक्सन अँड द ऑलिम्पियन्स : द लायटनिंग थीफ' (२०१०) आणि दुसरा दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) हा मूकपट. दोहोंमध्ये एक्क्याण्णव वर्षांचे अंतर आहे. एकामागे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससारखी बलाढ्य संस्था आहे, तर दुसऱ्यामागे नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. तुलना विषम आहे हे मान्य करूनच ती येथे केली आहे. कारण दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी एकच कल्पना आहे : ज्याच्या अंगी देवत्व आहे असे मूल.

पर्सीची गोष्ट

रिक रायर्डन यांची मूळ कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील पर्सी बारा वर्षांचा आहे. चित्रपटात तो महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरचा युवक झाला. हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी चित्रपटाचे पुष्कळसे नुकसान त्यानेच केले आहे. बारा वर्षांच्या मुलाला आपला बाप कोण हे ठाऊक नसणे आणि तरण्याबांड मुलाला ते ठाऊक नसणे या दोन वेगळ्या वेदना आहेत. पहिली वेदना भीतीची आहे आणि दुसरी रागाची. चित्रपटाने राग पत्करला आणि तो तलवारबाजीत खर्ची घातला.

तथापि, मूळ कल्पनेचे श्रेय नाकारता येत नाही. पर्सीला वाचता येत नाही, अक्षरे त्याच्या डोळ्यांसमोर नाचू लागतात. शाळेच्या दृष्टीने तो मागासलेला विद्यार्थी आहे. पुढे कळते की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेला आहे आणि त्याची अस्वस्थता ही वस्तुतः योद्ध्याची सावधानता आहे. ज्याला जगाने उणीव म्हटले तो वारसा निघावा, ही कल्पना कोणत्याही शिक्षकाला विचारात पाडणारी आहे. आपल्या वर्गातही असे 'न वाचणारे' विद्यार्थी असतातच. चित्रपट मात्र ही कल्पना एकदोन प्रसंगांत वापरतो आणि विसरतो. त्यानंतर तीन मोती शोधण्याचा प्रवास सुरू होतो. पहिला मोती मेडुसाकडे, दुसरा नॅशव्हिल येथील पार्थेनॉनच्या प्रतिकृतीत, तिसरा लास वेगासच्या द्यूतगृहात. एक राक्षस संपला की दुसरा, अशी ही रचना संगणकीय खेळाच्या टप्प्यांसारखी आहे.

देवांचे काय होते, हे अधिक महत्त्वाचे. ऑलिम्पस एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर आहे. देवांनी आपल्या मानवी संततीला भेटू नये असा झ्यूसचा दंडक आहे. म्हणजे पोसायडन हा समुद्राचा अधिपती असला, तरी कथेच्या दृष्टीने घर सोडून गेलेला बाप एवढीच त्याची ओळख उरते. अखेरीस बापलेकांची काही क्षणांची भेट होते आणि पर्सी आपल्या शिबिरात परततो. देवत्वाचा सारा डोलारा एका अमेरिकन कुटुंबाच्या तुटलेपणाचे रूपक म्हणून उभा आहे. रूपक म्हणून ते लंगडे नाही. परंतु या देवांकडे पाहून विस्मय वाटत नाही. आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अद्भुत रसाचा विभाव डोळ्यांसमोर आहे, पण विस्मय हा स्थायीभाव जागा होत नाही.

मेडुसा आणि कालिया

दोन्ही चित्रपटांत सर्प आहेत आणि सर्पाशी कसे वागावे या प्रश्नापाशी दोन परंपरांच्या वाटा वेगळ्या होतात.

ग्रीक कथेत पर्सियस हा झ्यूसचा पुत्र. तो चकचकीत ढालीत मेडुसाचे प्रतिबिंब पाहून तिचे मस्तक उडवितो. चित्रपटात ढालीची जागा आयपॉडच्या चकाकत्या पाठीने घेतली आहे. ही युक्ती खरोखरच चतुर आहे आणि वर्गात तिला दाद मिळते. मात्र येथे एक गोष्ट हातातून निसटली आहे. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस'मधील कथेनुसार समुद्रदेवाने मिनर्व्हाच्या मंदिरात मेडुसावर बळजबरी केली आणि शिक्षा म्हणून केसांचे साप झाले ते तिच्याच. रायर्डन यांनी पर्सीला पोसायडनचा पुत्र केले. त्यामुळे जिच्यावर बापाने अन्याय केला तिचेच मस्तक मुलगा उतरवितो असा भयंकर प्रसंग आपोआप तयार होतो. चित्रपट त्याच्याकडे पाहतच नाही. उमा थर्मनने रंगविलेली मेडुसा पर्सीच्या वडिलांशी आपले जुने प्रेमप्रकरण होते असे हसत सांगते आणि प्रेक्षकही हसतात. पुढे तिचे मस्तक हायड्राला दगड करण्यासाठी हत्यार म्हणून उपयोगी पडते.

भागवताच्या दशम स्कंधातील कालियाची कथा मराठी माणसाला कीर्तनातून, गवळणींतून, चेंडूफळीच्या अभंगांतून परिचित आहे. यमुनेच्या डोहात विष कालवले गेले आहे, गाई आणि गोपाळ पाणी पिऊन कोसळले आहेत. कृष्ण डोहात उडी घेतो, फण्यांवर नाचतो, नाग निस्त्राण होतो. त्या क्षणी नागपत्न्या पुढे येतात आणि पतीचे प्राण मागतात. कृष्ण त्याला मारत नाही. यमुना सोडून समुद्राकडे जाण्यास सांगतो आणि फण्यांवरच्या आपल्या पाऊलखुणांमुळे गरुडापासून अभय मिळेल असे आश्वासन देतो. 'मर्दन' या शब्दाचा अर्थ येथे वध असा नाही. कालियाने विष का कालवले, तो रमणक द्वीप सोडून या डोहात का आला, याचेही उत्तर कथेत आहे. तो गरुडाच्या भयाने पळून आलेला आहे. शत्रूलाही स्वतःची भीती आहे, हे मान्य करणारी ही कथा आहे.

नागपूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या शहराच्या आणि त्यातून वाहणाऱ्या नदीच्या नावातच नाग आहे. श्रावणात पचमढीच्या नागद्वार यात्रेला जाणारे भाविक येथून मोठ्या संख्येने निघतात. दुसरीकडे १८८० च्या दशकापासून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत मिरवीत नेऊन जाळण्याची प्रथाही याच शहराची, आणि लोकमानसाने तिचा संबंध पूतनेशी जोडला आहे. काही अरिष्ट जाळायचे आणि काही अरिष्टाला वाट करून द्यायची, हा विवेक आमच्या मुलांना चित्रपटाआधी रस्त्यावर दिसतो.

मंदाकिनीचा चेहरा

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आज पाहता येतो. चित्रपटाची सुरुवातच विलक्षण आहे. प्रथम कृष्ण दिसत नाही. दिसते ती फाळक्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी. ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव मुखावर आणून दाखविते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ज्याला मुखज अभिनय म्हणतात त्याचे हे छोटेखानी प्रात्यक्षिक होय. नंतर तीच मुलगी प्रेक्षकांच्या देखत दृश्य-विलयाने कृष्णरूपात बदलते आणि कथा सुरू होते.

या प्रारंभाचा अर्थ आपण पुरेसा लावलेला नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. फाळके प्रेक्षकांना आधीच सांगून टाकतात की ही माझी मुलगी आहे आणि ती अभिनय करणार आहे. एवढे सांगूनही, किंबहुना ते सांगितल्यामुळेच, पुढे तिला कृष्ण मानण्यात प्रेक्षकाला अडचण येत नाही. दशावतारात किंवा गोपाळकाल्यात ओळखीच्या घरचे पोर कृष्ण होते, त्याच्या आईने त्याला नटविलेले असते, तरी काही वेळापुरते आपण त्याच्या पाया पडतो. फाळक्यांनी ही जुनी सोय पडद्यावर आणली. तरुणपणी 'प्रोफेसर केळफा' या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करणाऱ्या या माणसाला जादूची टोपी आधी रिकामी दाखवावी लागते हे पक्के ठाऊक होते.

पुढच्या प्रसंगांत देव कमी आणि खोडकर पोर अधिक आहे. सवंगड्यावर पाणी ओतणाऱ्या बाईच्या घरातील लोण्यावर मुलांची टोळी हात मारते. एका धनिकाच्या शेजघरात शिरून कृष्ण झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. शेवटी डोह येतो. पाण्याखालचे युद्ध आणि काठावर जमलेल्या गोकुळाची घालमेल ही दृश्ये फाळके आलटून पालटून दाखवितात. सर्प बनावट आहे हे आजच्या विद्यार्थ्याला लगेच कळते आणि तो प्रथम हसतो. काठावरच्या माणसांचे चेहरे मात्र बनावट नाहीत. आपण नागाकडे पाहत नसून नागाकडे पाहणाऱ्या गावाकडे पाहत आहोत, हे लक्षात आले की हसू मावळते. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल रसाला स्थान दिले आहे. येथे अद्भुत आणि वत्सल हे दोन रस एकाच कात्रीने जोडले गेले आहेत. पर्सी मेडुसाशी लढतो तेव्हा काठावर कोणीही नसते. त्याचे जग एकट्याचे आहे, सोबत फार तर दोन मित्र.

तंत्राचा मुद्दा थोडक्यात. एकेक चौकट टिपून जड वस्तूला हालचाल देण्याची जी किमया रे हॅरीहाउझन यांनी 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' (१९६३) मधील सांगाड्यांच्या लढाईत दाखविली, तिचीच धाकटी बहीण फाळक्यांच्या 'अंकुराची वाढ' (१९१२) या लघुपटात दिसते. तेव्हा कौशल्य तिकडे आणि भक्ती इकडे, ही वाटणी इतिहासाला धरून नाही. आणि कौटुंबिक चित्रपट म्हणाल तर फाळक्यांना तो शब्द अक्षरशः लागू पडतो : 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधील रोहिदास हा त्यांचा मुलगा भालचंद्र, आणि फिल्म धुण्यापासून सर्व कामांत हात लावणाऱ्या पत्नी सरस्वतीबाई.

श्रद्धेची अडचण

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. झ्यूसची पूजा आज फारसे कोणी करीत नाही, म्हणून हॉलिवूडला त्याच्याशी खेळता येते. आपले देव जिवंत आहेत, त्यांच्याशी कोण खेळणार? ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष' (२०२३) या चित्रपटाचे उदाहरण ताजे आहे. झलक आली तेव्हा रावणाच्या रूपावर टीका झाली, प्रदर्शन पुढे ढकलून दृश्यपरिणाम सुधारण्यात आले, प्रदर्शनानंतर हनुमानाच्या तोंडचे संवाद बदलावे लागले. जिवंत श्रद्धा ही अद्भुतरम्य साहसपटाची शत्रू आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे सोपे आहे.

हा निष्कर्ष स्वीकारार्ह नाही. फाळक्यांचा प्रेक्षक आजच्या प्रेक्षकापेक्षा कमी श्रद्धाळू नव्हता. तरीही त्यांनी कृष्णाच्या भूमिकेत मुलगी उभी केली, तिला दाढ्या बांधायला लावल्या, लोणी चोरायला लावले. हे स्वातंत्र्य त्यांना श्रद्धेच्या अभावातून नव्हे, तर परंपरेच्या आतून मिळाले. बाललीला हा आपल्या परंपरेनेच देवाशी खेळण्यासाठी राखून ठेवलेला प्रांत आहे. 'आदिपुरुष' हॉलिवूडच्या युद्धपटाचे कवच रामकथेवर चढवितो आणि प्रेक्षकाने ते निमूटपणे खरे मानावे अशी अपेक्षा धरतो. टोपी रिकामी दाखविण्याचा प्रामाणिकपणा त्यात नाही. 'हनुमान' (२००५) या सचेतपटाला मुलांनी आपलेसे केले, कारण तेथे सूर्याला फळ समजणारे मूल होते. ग्रीक देवांच्या बाबतीत हॉलिवूडला पूर्ण मोकळीक होती, आणि त्या मोकळिकीतून हाती काय लागले, तर रजेवर गेलेला बाप.

दोन्ही चित्रपटांतील निवडक दृश्ये एकाच तासाला दाखविली असता आलेला अनुभव येथे नोंदवितो. पर्सीच्या चित्रपटात नामावली सुरू झाल्यानंतर एक छोटे दृश्य आहे. सावत्र बाप शीतकपाट उघडतो आणि आत ठेवलेल्या मेडुसाच्या मस्तकाकडे पाहून दगड होतो. वर्गात मोठा हशा पिकला. नंतर 'कालिया मर्दन'चे दृश्य झाले. भागवतात नाग मरत नाही, त्याला यमुना सोडावी लागते, असे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण गरुडाच्या भीतीनंच तो इथं आला होता ना? मग त्याची बायकापोरं तिकडं परत जायला तयार झाली कशी?" तास संपल्याची घंटा झाली होती, तरी कोणी उठले नाही. भागवताचा सोळावा अध्याय पुढच्या तासाला आणण्याचे ठरले.